बायकांनी राखलेलं गाव

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात वाईहून दादाचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झालेली. "अगं, बिल्डर फार घाई करतोय. तुझं तेवढं कुलमुखत्यारपत्र पाठव, म्हणजे वाड्याचं काम मार्गी लागेल," असं म्हणाला.

आमचा वाडा म्हणजे काही सरदारांचा वाडा नव्हे बरं का! दोन सोपे, मधे चौक, परसात आड आणि मागून कृष्णेकडे उतरणारी बोळ. आई गेल्यापासून कुलूपच आहे. गेल्या पावसात पश्चिमेची भिंत खचली. दादा एकटा कुठवर निस्तरणार? त्याचं चुकतं असं मी मुळीच म्हणणार नाही. कागद मी त्याच दिवशी छापून घेतला. सही मात्र काही केल्या होईना. ह्यूस्टनच्या वकिलातीत जाऊन शिक्का घ्यायचा तर गाडीने तीन तासांचा रस्ता आहे, हे एक निमित्त मिळालं, इतकंच!

मैत्रिणींनो, मी राहते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो या गावी. टेक्सास म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घोडे, मोठ्या टोप्या आणि तेलाच्या विहिरी येत असतील. माझ्याही यायच्या. पण हे गाव वेगळंच निघालं. १७१८ साली स्पॅनिश पाद्र्यांनी आणि शिपायांनी नदीकाठी वसवलेलं, म्हणजे आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ पेशवे होते तेव्हाचं. १९७० मध्ये वस्ती साडेसहा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती १४ लाख ३४ हजारांवर गेली. एवढी माणसं आली की गावाच्या मधल्या भागावर सगळ्यांचा डोळा जाणारच. या मधल्या भागाला इथे डाउनटाउन म्हणतात. आपण 'पेठेत जाऊन येते' म्हणतो ना, तसंच ते.

आठवड्यातून तीन दिवस मी एका शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवते. त्या शाळेच्या भोजनगृहात पूर्वी काम करणाऱ्या एक बाई आहेत. वय सत्तरीच्या पुढे, घराणं मेक्सिकन, जन्म मात्र इथलाच. मुलं त्यांना 'अबुएला' म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणते. दादाच्या फोनचं त्यांना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर गावात चल. गाडी तू चालव." झालं! ह्यांना आणि मुलांना खिचडीवर सोपवून आम्ही दोघी निघालो.

पहिल्यांदा त्यांनी मला एक चर्च दाखवलं. सेंट जोसेफचं, जर्मन लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. त्याच्या तिन्ही अंगांना एका अवाढव्य दुकानाच्या भिंती इतक्या खेटून उभ्या आहेत, की मला आधी हसूच आलं. जॉस्केज नावाचं ते कापडचोपडाचं आणि संसाराच्या सगळ्या वस्तूंचं दुकान एके काळी सबंध टेक्सासात प्रसिद्ध होतं. १९४० च्या दशकात दुकान वाढवायचं म्हणून मालकांनी चर्चची जागा मागितली. चर्चच्या मंडळींनी ठाम नकार दिला. मग दुकान वाढलं ते चर्चला वळसा घालून! लोक चेष्टेने त्याला 'सेंट जॉस्केज' म्हणू लागले. ते दुकान पुढे दुसऱ्यांच्या हातात गेलं, २००८ मध्ये बंदही झालं. चर्चमध्ये मात्र आम्ही गेलो तेव्हा मेणबत्त्या जळत होत्या.

"नाही म्हणता येतं, एवढंच दाखवायचं होतं," अबुएला म्हणाल्या. "पण सगळ्यांना नाही म्हणता येत. ते पुढे दाखवते."

तिथून चार पावलांवर अलामो. १८३६ च्या लढाईमुळे टेक्सासच्या माणसाला हे ठिकाण म्हणजे आपल्याला पावनखिंड असावी तसं. पण लढाईची गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायची आहे ती नंतरची, दोन बायकांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देवळाची इमारत सरकारकडे होती, पण शेजारची लांबलचक जुनी बराक एका किराण्याच्या घाऊक व्यापाऱ्याची वखार होऊन बसली होती. अदीना दे झवाला नावाची एक शाळामास्तरीण ती वाचवण्यामागे लागली. तिच्याकडे पैसा नव्हता. क्लारा ड्रिस्कॉल ही श्रीमंत घरची, जेमतेम बाविशीतली मुलगी. तिने पदरचे पैसे घातले, आणि १९०५ साली राज्य सरकारने ते परत करून जागा ताब्यात घेतली.

इथवर सगळं गोड. पुढे दोघींचं बिनसलं. क्लाराला वाटे, वखारीचं ओंगळ बांधकाम पाडून देऊळ मोकळं करावं. अदीना म्हणे, त्या लाकडी सांगाड्याच्या आत मूळच्या भिंती आहेत, त्यांना हात लावायचा नाही. १९०८ च्या फेब्रुवारीत ती चक्क आत शिरली आणि दारं लावून तीन दिवस बसून राहिली! वर्तमानपत्रांनी गहजब केला. पुढे वरचा मजला उतरवला गेला, पण खालच्या भिंती राहिल्या, आणि त्या खरोखरच जुन्या होत्या. मी त्या दगडांवर हात ठेवून पाहिला. शाळामास्तरीण म्हणून मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! क्लाराचं मात्र सगळंच चूक होतं असं म्हणवत नाही. पैसा तिचा नसता तर भिंतींवरून भांडायला जागाच उरली नसती.

समोरच्या बाजूला १९२१ सालची वूलवर्थ दुकानाची इमारत आहे. १६ मार्च १९६० रोजी तिथल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीने बसून जेवता आलं, आणि तेही दंगाधोपा न होता. अलामोचा परिसर नव्याने आखताना ही इमारत राहणार की जाणार, याची बरीच वर्षं धास्ती होती. शेवटी ती ठेवून नव्या संग्रहालयात सामावून घ्यायचं ठरलं.

आता नदीकडे. रस्त्यावरून ती दिसतच नाही! पुलाच्या कडेचा एक दगडी जिना उतरायचा, की एक मजला खाली वेगळंच गाव. मोठाली सायप्रसची झाडं, काठाने फरसबंद वाट, होड्या, खाणावळींच्या रंगीत छत्र्या. वर अंगाची लाही होत असली तरी खाली जरा गारवा असतो. (कधी आलात तर जुलै-ऑगस्ट टाळा. आणि चपला सपाट घाला. काठाला कठडा नाही, पाय घसरला तर थेट पाण्यात.)

ही नदी पूर्वी काही एवढी साजरी नव्हती. सप्टेंबर १९२१ मध्ये तिला मोठा पूर आला, पन्नासाहून अधिक माणसं गेली. मग धरण झालं, नदी सरळ करा, वळण तोडा, अशा योजना सुरू झाल्या. रस्ते रुंद करायचे होते, मोटारी वाढल्या होत्या. त्या रस्तारुंदीत जुनं मार्केट हाउस जाणार असं कळलं, तेव्हा १९२४ साली एमिली एडवर्ड्‌स आणि रीना मॅव्हरिक ग्रीन या दोन चित्रकार बायकांनी आणखी काही जणींना गोळा करून 'कॉन्झर्व्हेशन सोसायटी' काढली. आणि त्यांनी केलं काय असेल? नगरपालिकेच्या कारभाऱ्यांपुढे बाहुल्यांचं नाटक! सोन्याची अंडी देणारी बदक आणि तिला कापायला निघालेली अडाणी माणसं. बाहुल्यांचे चेहरे म्हणे कारभाऱ्यांसारखेच केले होते. या नाटकामुळे नदी बुजवायचा बेत रद्द झाला असं इथे हौसेने सांगतात. तसा बेत खरोखरच कागदावर होता का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्केट हाउस मात्र गेलंच. म्हणजे या सोसायटीची सुरुवातच हरण्याने झाली, ही गोष्ट मला फार आवडली.

पुढे १९२९ मध्ये रॉबर्ट ह्युगमन या तरुण वास्तुकाराने नदीचं वळण तसंच ठेवून काठी वाटा, जिने, दुकानं करायची योजना मांडली. १९३९ ते ४१ या काळात, मंदीतल्या बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून ती उभी राहिली. प्रत्येक जिना वेगळा, एकासारखा दुसरा नाही. काम पुरं व्हायच्या आधीच बिचाऱ्या ह्युगमनला काढून टाकलं. आणि गंमत म्हणजे नंतर कितीतरी वर्षं लोक तिथे फिरकतच नसत. चांगल्या घरच्यांनी जायची ती जागा नव्हे, असं म्हणत. १९४६ साली कासा रिओ ही पहिली खाणावळ काठावर निघाली. खरी गर्दी सुरू झाली ती १९६८ नंतर.

१९६८ म्हटल्यावर अबुएला गप्प झाल्या. आम्ही जिना चढून वर आलो आणि पूर्वेकडे चालू लागलो. वाटेत हिल्टनचं एकवीस मजली हॉटेल लागतं. त्याची एक नवलाई सांगते. खोल्या दुसरीकडे काँक्रीटच्या ओतून, आत पलंग-टीव्ही सगळं मांडून, मग क्रेनने उचलून एकावर एक रचल्या. आपण फडताळात डबे रचतो तशा! २०२ दिवसांत हॉटेल उभं. एवढी घाई कशाला, तर गावाला अडीचशे वर्षं झाली म्हणून भरलेल्या 'हेमिसफेअर' या जागतिक प्रदर्शनासाठी.

ते प्रदर्शन ६ एप्रिलला उघडलं आणि ६ ऑक्टोबर १९६८ ला मिटलं. सहा महिने. त्यासाठी गावाला लागून असलेली सुमारे ९२ एकरांची वस्ती उठवली. पोलिश, जर्मन, मेक्सिकन अशी मिसळलेली वस्ती होती ती. पोलिश लोकांचं सेंट मायकेल चर्चही गेलं. सोसायटीच्या बायकांनी शंभरावर घरं वाचवायची मागणी केली होती, वीस-पंचवीस राहिली. आज त्यांतल्या काहींमध्ये कॉफी, आइसकांडी असलं काय काय मिळतं. बाजूला मुलांसाठी सुंदर बाग केली आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मधोमध ७५० फुटांचा मनोरा.

त्या मनोऱ्याच्या अलीकडे एका पिकनच्या झाडाशी अबुएला थांबल्या. पिकन म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊ म्हणा. हे झाड त्यांच्या शेजाऱ्यांच्या अंगणातलं. त्यावरून मोजत मोजत त्या अठरा पावलं चालल्या आणि हिरवळीवर उभ्या राहिल्या. "इथे चूल होती. माझी आई इथे उभी राहून तोर्तिया थापायची. खिडकी त्या बाजूला." एक लहान मूल चेंडूमागे धावत आमच्या मधून, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातून गेलं.

घर सोडलं तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या. वडिलांनी कागदावर सही केली. न करून काय करणार? तिथे नाही म्हणायची सोयच नव्हती. पैसे मिळाले, पण तेवढ्यात तसं घर पुन्हा मिळालं नाही. गावाच्या दूरच्या टोकाला गेले, वडिलांना कामावर यायला दोन बसगाड्या लागू लागल्या. आईने नव्या घरी पहिल्या दिवशी स्वयंपाकच केला नाही. "आणि तुला सांगू," अबुएला म्हणाल्या, "प्रदर्शन भरलं तेव्हा आम्ही तिकीट काढून बघायला गेलो. पाळण्यात बसले. मला फार आवडलं!" हे सांगताना त्या हसल्या. मला मात्र काय बोलावं ते सुचेना.

ऐंशीच्या दशकात तर पाडणं आणि वाचवणं यांची जणू शर्यतच लागली होती. टेक्सास थिएटर नावाचं १९२६ सालचं शोभिवंत थिएटर गेलं, नुसता दर्शनी भाग राहिला. मागे बँकेची कचेरी. मुखवटा ठेवावा तसा. १९०६ चं फेअरमाउंट हॉटेल मॉलच्या आड येत होतं. १९८५ मध्ये त्या सोळाशे टनांच्या विटांच्या इमारतीला चाकं लावून रस्त्यावरून ओढत दुसऱ्या जागी नेलं. अख्खं गाव कडेला उभं राहून बघत होतं. या सगळ्यासाठी सोसायटी पैसा कुठून आणते माहीत आहे? खाऊच्या गाड्यांतून! दर एप्रिलमध्ये ला विलिता या जुन्या आळीत त्या चार रात्रींची जत्रा भरवतात. कुणी गोर्डिता थापतं (मक्याच्या पिठाची जाडसर भाकरीच ती, आपल्या थालीपिठासारखी हातावर थापायची), कुणी मांस भाजतं, कुणी नुसतं लिंबू पिळतं. हजारो माणसं फुकट राबतात. हळदीकुंकवाला शंभर बायका जमवताना आपली दमछाक होते, आणि इथे १९४८ पासून हे चालू आहे. १९७५ मध्ये लीला कॉकरेल या बाई गावच्या महापौर झाल्या, तेव्हा एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराला बाई महापौर ही नवलाईच होती. मला नवल वाटलं नाही.

आता नवं बांधकाम. मान वर केली की आधी दिसतो तो १९२९ चा टॉवर लाइफ. आठ कोनांचा, तीस मजली, हिरव्या छपराचा, वर राक्षसांची तोंडं. कचेऱ्यांना तिथे फार भाडेकरू मिळेनात म्हणून आत राहण्याची घरं करायचं ठरलं आहे. पश्चिमेला २०१९ चा फ्रॉस्ट टॉवर, निव्वळ काचेचा, वर निमुळता होत जाणारा. क्वालालंपूरचे जुळे मनोरे ज्यांच्या हातचे, त्या सेसर पेली यांच्या कचेरीचं काम. गावात तीस वर्षांत कचेऱ्यांचा एवढा मोठा नवा मनोरा झाला नव्हता. संध्याकाळी उन्हात तो सुरेख दिसतो, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की कुठल्या गावात आहोत ते कळत नाही.

नदीकाठाने उत्तरेला गेलं की पर्ल. १८८३ पासूनचा बिअरचा कारखाना, २००१ मध्ये बंद पडला. कुणा तरी शहाण्या माणसाने तो पाडला नाही. धुराडं, तांब्याच्या टाक्या, विटांच्या भिंती तशाच ठेवून त्यातच हॉटेल, घरं, बाजार केला. २००९ मध्ये नदीकाठची वाटही तिथवर आणली. हॉटेलचं नाव 'एमा'. ही एमा केलर म्हणजे कारखान्याच्या मालकाची बायको. अपघाताने अधू झालेली. तिच्या शुश्रूषेला ठेवलेल्या परिचारिकेचं नावही एमा, आणि त्या परिचारिकेच्या मैत्रिणीचंही एमा! मालक ओटो यांचं त्या दोघींशीही सूत होतं, आणि १९१४ मध्ये तिसऱ्या एमाने त्यांना गोळी घातली. पहिल्या एमाने मग कारखाना हातात घेतला आणि दारूबंदीच्या काळातही, बर्फ विकून, बिनदारूची बिअर करून, कपडे धुण्याचा धंदासुद्धा काढून, एकाही टाळ्याशिवाय चालू ठेवला. आजूबाजूच्या घरभाड्यांनी मात्र आता आभाळ गाठलं आहे. वाचवलेली जुनी इमारतही शेजारच्या गरिबाला उठवू शकते, हे मला इथे कळलं.

आणि अगदी ताजी गोष्ट. प्रदर्शनासाठी बांधलेली टेक्सास राज्याची भलीमोठी काँक्रीटची इमारत नंतर कैक वर्षं संग्रहालय होती. टेक्सासात कुठकुठले लोक आले ते तिथे दाखवत. त्या जागेवर बास्केटबॉलचं नवं स्टेडियम करायचं घाटलं. सोसायटीने विरोध केला, कोर्टात गेली, पण उपयोग झाला नाही. २०२५ मध्ये इमारत पाडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टेडियमसाठी हॉटेलवरच्या कराचा पैसा वापरायला मतदारांनी, थोड्याच फरकाने का होईना, होकार दिला. हा सगळा खटाटोप सुमारे १३० कोटी डॉलरचा!

त्या मोकळ्या झालेल्या जागेच्या कुंपणाशी आम्ही शेवटी उभ्या होतो. मला वाटलं, अबुएलांना बरं वाटेल किंवा वाईट तरी वाटेल. "मला रडू यावं असं ते बांधलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते आमच्या घरांवर उभं होतं. पण माझ्या नातवंडांना मी तिथेच नेत असे. आता कुठल्या दाराशी उभं राहून सांगू, ते कळत नाही." थोड्या वेळाने विचारलं, "तुझ्या घराला माझ्या त्या झाडासारखं काही आहे का? ज्यावरून पावलं मोजता येतील?"

येताना गाडीत मी तोच विचार करत होते. आड आहे. पण बिल्डरच्या नकाशात आडाच्या जागी पार्किंग आहे, तो नकाशा दादाने पाठवला होता. त्या रात्री ह्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, "भिंत पडली तर शेजाऱ्यांच्या पोरांवर पडेल, त्याचा विचार कर." खरं आहे. सहा हजार रुपये महिन्याने सुद्धा त्या वाड्यात राहायला कुणी तयार नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. सही करते म्हटलं. पुढच्या महिन्यात मुलांना वसंतातली सुट्टी आहे, तेव्हा ह्यूस्टनला जाऊन येईन. पण आधी तीन कामं कर. प्रत्येक खोलीचं माप घे, टेप लावून, अंदाजाने नको. फोटो काढ, फडताळं उघडून काढ. आणि बिल्डरला सांग, पार्किंग चार हात सरकव, आड बुजवायचा नाही. वर जाळी घाल हवी तर.

"तो ऐकणार नाही," दादा म्हणाला.

"विचारलंस का?"

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "आईचं जातं अजून चौकातच आहे. ते कुठे ठेवू?"